दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

मी एक जुना विजेचा कुकर आहे. यंत्रं घडवणाऱ्या मित्रांनो, मला बोलायची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मोकपो बंदरात ओक-बुन आजींच्या ओट्यावर माझी नऊ वर्षं गेली. मी भात शिजवायचो आणि माझं कोणतं बटण किती वेळा दाबलं, ते रोज संध्याकाळी इंटरनेटवरून कंपनीला कळवायचो. असे हजारो कुकर कळवत. त्यावरून कंपनी आम्हाला सुधारत असे. मला त्याचा अभिमान होता.

आजी रोज सकाळी बटण दोनदा दाबत. वरचा भात काढून घेत आणि तळाचा थर पुन्हा तापवत. त्याची खरपूस खरवड झाली की पाणी घालून उकळत. त्यांच्या यजमानांच्या, दाल-सू आजोबांच्या, पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तेवढंच त्यांच्या घशाखाली उतरे.

मी मात्र एवढंच कळवलं की बटण दोनदा दाबलं.

कंपनीने अर्थ लावला, पहिल्या खेपेला भात कच्चा राहतो. एका पहाटे मला नव्या सूचना आल्या. मी भात जास्त वेळ शिजवू लागलो आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं की 'भात तयार आहे' म्हणून गप्प बसू लागलो. मला वाटलं, मी शहाणा झालो.

आजींनी तो थर तव्यावर भाजून पाहिला. तो करपला. आजोबांनी वाटी बाजूला सारली.

"आता कुकरसुद्धा मला पथ्य सांगायला लागला," ते म्हणाले.

"त्याचं नका ऐकू, माझं ऐका. दोन घोट घ्या."

"कडू लागतं गं."

तिसऱ्या दिवशी त्यांना उठून बसवेना. आजींनी कंपनीला फोनवर असं काही सुनावलं, की दुपारीच ये-वॉन आली. आमची रचना करणाऱ्यांपैकी ती एक.

"आजी, भात तर छान शिजलाय. मग पुन्हा बटण कशाला?"

"तुमच्याकडे खरवड खाणारं कुणीच नाही का गं? सगळे पावावर वाढलात?"

ये-वॉन खाली बघत म्हणाली, "माझी आजी करायची. अकराशे घरांतून हेच कळत होतं. आम्ही ती तक्रार समजलो."

तिने तिथेच ती सूचना काढून टाकली. आजींनी बटण दाबलं, मी मन लावून तापलो. आजोबांनी वाटी रिकामी केली आणि पुढे धरून म्हणाले, "एवढंच?"

आजी मनगटाने डोळे पुसत होत्या.

पुढच्या कुकरांना खरवडीचं वेगळं बटण आलं. तसा एक आता ओट्यावर आहे. माझ्या झाकणाचं रबर सैल झालं, म्हणून मी गच्चीत सोयाबीन आंबवायच्या रांजणांशेजारी बसतो. कुणी कधी माझ्यावरची धूळ पुसली तर बरं वाटतं.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. आम्ही जे मोजतो ते खरं असतं, पण माणसं तसं का करतात ते आम्हाला कळत नाही. तेवढं तुम्ही त्यांच्या घरी जाऊन विचारत जा. कुणीतरी तीन दिवस उपाशी असेल.