राहिलेला डोस

डॉक्टरबाईंच्या हातातली रबरी हातोडी धाकट्या भावाच्या गुडघ्याखाली टकटक करून थांबली, आणि पाय काही उडाला नाही. डावा उडणार नव्हताच, तो लहानपणापासून कॅलिपरच्या पट्ट्यांत; पण आता उजवाही—ज्याच्या जिवावर त्याने शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान चालवलं, दोन मुलींची लग्नं केली—जेमतेम हलला. शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या ताईने नजर कॅलेंडरकडे वळवली.

डॉक्टरबाई समजावत होत्या. पोलिओने तेव्हा बऱ्याच नसा मारल्या, उरलेल्यांनी पन्नास वर्षं दुप्पट काम ओढलं, आता त्या थकल्यात. आजार परत आलेला नाही. पण गेलेली ताकद परत आणणारं औषधही नाही. दमेपर्यंत चालायचं नाही, बेताचा व्यायाम, हलका कॅलिपर, उजव्यालाही आधार.

"म्हणजे डाव्याची ड्यूटी करून करून उजवाही रिटायर होतोय," धाकटा म्हणाला. डॉक्टरबाई हसल्या. ताईला हसू आलं नाही.

मग त्याला नसांच्या तपासणीसाठी आतल्या खोलीत नेलं. दार लागलं. डॉक्टरबाईंनी केसपेपर पुढे ओढला—ताप किती दिवस होता, तापात इंजेक्शन दिलं होतं का, पाय एकदम लुळा पडला की हळूहळू. ताईला सगळं तोंडपाठ होतं. तीन दिवस ताप. चौथ्या दिवशी सकाळी आईने त्याला उभं केलं तर तो ओल्या कापडासारखा खाली बसला...

"डोस दिले होते?"

हा प्रश्न आजवर किती जणांनी विचारला, ताईच्या मनात आलं, आणि दर वेळी उत्तर आईनेच दिलं—दिले होते हो, माझ्या पोरीने स्वतः नेलं होतं त्याला. मरेपर्यंत आई हेच सांगत राहिली, आणि दर वेळी माझ्याकडे कौतुकाने बघायची. मी नऊ वर्षांची, तो दीड वर्षाचा, माझ्या कडेवर. पहिला डोस आईने दिला होता. दुसऱ्या वेळी तिला रजा मिळाली नाही. दवाखान्यासमोर ही रांग, डोक्यावर ऊन, आणि पलीकडच्या मैदानात मैत्रिणी दोरीवर उड्या मारत होत्या—ये गं, एकच डाव. त्याला सावलीत बसवलं... आणि मी परत आले तेव्हा खिडकी बंद झाली होती. रडला का, आईने विचारलं. मी म्हणाले, नाही, गोड लागलं त्याला, जिभल्या चाटत होता. आईला अक्षरओळख नव्हती, कार्डावरचा रिकामा चौकोन तिला काय सांगणार? नुसतं 'दिला' म्हटलं असतं तरी भागलं असतं; पण मी ते जिभल्या चाटणंही रचलं. पुढच्या डोसाची तारीख यायच्या आत ताप आला.

"एक दिला होता," ताई म्हणाली. "दुसरा राहिला. माझ्यामुळे." आणि मग तिने मैदानासकट सगळं सांगितलं.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. एक-दोन डोसांनी सगळ्याच मुलांना पुरेसं संरक्षण मिळतं असं नाही, त्या म्हणाल्या, म्हणून तर तो पुन्हा पुन्हा देतात. तो एक मिळाला असता तर काय झालं असतं, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही नऊ वर्षांच्या होतात."

छातीवरची धोंड सरकावी तसं झालं. ताईने खोल श्वास घेतला—आणि तो अर्ध्यावर असतानाच कानांच्या पाळ्या तापल्या. दार लागेपर्यंत थांबले होते मी. पन्नास वर्षांनी तोंड उघडलं ते एका परक्या बाईपुढे. ज्याचा पाय, तो भिंतीपलीकडे सुया टोचून घेतोय, आणि मी इथे त्याने द्यायची माफी परस्पर उचलून मोकळी.

धाकटा काठी टेकत बाहेर आला. कधी नव्हे तो त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, भार टाकला.

"काय विचारत होत्या गं?"

"तापाचं," ती म्हणाली.

व्हरांड्यात त्याच्या चालीने चालताना तिला वाटलं, हा चिडेल म्हणून मी गप्प बसले असं इतकी वर्षं समजत आले. हा चिडणार नाही. काहीतरी विनोद करेल, मलाच धीर देईल, आणि मी तो धीर घेईन... त्याच्याकडून तेवढंही घेईन. खांद्यावरचा हात जड होत चालला होता; तो जरा हलका व्हावा, असं वाटायचीही तिला आता चोरी झाली.