रोजचं विमान

"जाड ठेव रे, चुरा नको करू. चुऱ्याचं लगेच पानी होतं!" येसूबाई उंबऱ्यात बसूनच ओरडली, तसा जानूने हातातला सोटा थांबवला. बर्फाच्या लादीचे नारळाएवढे तुकडे झाले होते. ते गोणपाटात गुंडाळून तो काकाच्या मढ्याला दोन्ही अंगांनी लावू लागला.

येसूबाईचा नवरा दामू तांडेल परवा सकाळी जाळं शिवता शिवता कलंडला, तो अजून ओटीवरच होता. मुरबे गावात मढं दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी ठेवत नाही. हा तिसरा दिवस. दुसऱ्या गावात माणूस गेल्यावर बर्फ कुणाला आठवला नसता. पण इथे जन्म गेला तो धरलेली मासळी टिकवण्यात, मग दुसरं काय सुचणार? आणि टिकवायचं होतं ते दिनानाथसाठी.

दिनानाथ म्हणजे येसूबाईचा एकुलता एक. बोईसरच्या कारखान्यात लागला, कारखान्याने सहा महिन्यांसाठी अमेरिकेला धाडला आणि पठ्ठ्या तिथलाच झाला. त्याला आठ वर्षं झाली. तिथेच लग्न, तिथेच दोन मुलं. पत्रं यायची, फोटो यायचे, तो काही यायचा नाही. दर खेपेस कारण तेच: न्यूयॉर्कचं विमान आठवड्यातून तीनदाच, जागाच मिळत नाही. दामूला ते पटायचं. अर्धी दुनिया ओलांडून यायचं, म्हणजे काय पालघरचा बाजार आहे?

मग पावसाळ्यात बळवंत गुरुजींनी पेपरात वाचलं की विमान कंपनीने फेऱ्या वाढवल्या, न्यूयॉर्कचं विमान आता रोज. दामू म्हातारा नुसता हरखला. भेटेल त्याला थांबवून सांगायचा, "आयकलं का? रोज सुटतं आता! आपल्या येष्टीवानी!" गणपतीला पोरगा येईल म्हणाला. गणपती गेले. दिवाळीला नक्की म्हणाला, आणि दिवाळीच्या पंधरा दिवस आधी स्वतःच गेला.

मच्छीमार सोसायटीच्या फोनवरून गुरुजींनीच दिनानाथला कळवलं. पलीकडून तो हमसाहमशी रडला आणि म्हणाला, "ठेवा बाबांना. येतो मी."

म्हणून ठेवलं. पण गावात मढं असताना मुरब्याची होडी पाण्यात लोटत नाहीत, ही वाडवडिलांची चाल. उधाणाचे चार दिवस म्हणजे मासळीचे दिवस, आणि सगळ्या होड्या वाळूत बसून. समुद्रात न्यायला भरलेला बर्फ एकेका होडीतून निघून दामूच्या ओटीवर येत होता. कुणी चकार शब्द काढला नव्हता. नाही म्हणायला सोसायटीचा भगवंत काल अंगणात घुटमळला होता.

"येसूवयनी, उधान चाललंय हो."

"विमान रोज हाय, भावजी. आज नाय तर उद्या येल."

"मी कुठं काय म्हनतो?" असं म्हणून तो बापडा परत फिरला होता.

जानू नवी लादी आणायला गेला. ओटीवर कुणी नाही असं बघून येसूबाईने चादर वर केली आणि नवऱ्याच्या पिंडरीवर अंगठा दाबला. चाळीस वर्षं तिने बोईसरच्या बाजारात मासळी विकली होती. शिळ्या मासळीवर राहतो तसा अंगठ्याचा खळगा भरून येईना. दुसऱ्या कुणाला विचारायची तिला गरज नव्हती. तिने चादर नीट केली, पदर खोचला आणि तडक सोसायटीत गेली. भगवंताने नंबर लावून दिला.

"दिनू, कुठं हायस?"

"घरीच हाय, आये."

"आजून निघाला नायस?"

"मला नाय येता येनार."

"का रे? विमान तं रोज हाय ना आता?"

"विमान रोज हाय गो. माझे कागद नाय. सहा महिन्यांचे होते, ते तवाच संपले. हितून बाहेर पडलो तर परत घ्यायचे नाय मला. पोरं हितं हायत, आये."

म्हणजे आठ वर्षं विमान बिचारं उगाच शिव्या खात होतं. येसूबाईला असा संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

"मंग ठेवा म्हनून कशाला सांगितलंस?"

"गुरुजींनी इचारलं... नाय कसा म्हनू? तोंडातून निघून गेलं."

"तुझ्या बापाला मासळीवानी बरफात घातलंय रे मी! तीन दिस!"

तो मोठ्याने रडू लागला. त्याचं रडणं लहानपणी होतं तसंच होतं, आणि तिचा संताप कुठल्या कुठे गेला.

"तिथं रात हाय ना रे? रडू नको. पोरं उठतील," ती म्हणाली. "जा, झोप."

फोन कसा ठेवायचा ते तिला उमजेना. भगवंताने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

ती परत आली तेव्हा अंगणात सारा गाव बसला होता.

"उचला आता," ती म्हणाली. "दिनूला विमानात जागा नाय मिळाली."

कुणी हललं नाही. विमान रोज झालं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं, दामूनेच पाठ करून घेतलं होतं. गुरुजींनी मान खाली घातली. येसूबाईच्या मागोमाग आलेला भगवंत खाकरला.

"नायच मिळत जागा!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. जन्मात त्याने विमानतळ पाहिला नव्हता. "रोज काय, दिवसातून दोनदा सोडलं तरी पुरायचं नाय. गर्दी काय थोडी असते?"

"हां, लय गर्दी," जानू म्हणाला.

"अमेरिकेचं म्हनजे असायचीच," मागून कुणीतरी म्हणालं. बायकांनीही माना डोलावल्या.

तिरडी उठली. मुलगा आला नाही म्हणून विस्तवाचं मडकं पुतण्याने, जानूने धरलं होतं. येसूबाईने ते त्याच्या हातातून घेतलं आणि पुढे झाली. मुरब्यात बायका मसणात जात नाहीत. कुणी तिला अडवलं नाही.