पट्टी बदललेली बाटली

कोलुबारा नदीकाठच्या त्या गावात आजाराचं नाव कोणी घेत नसे. “त्या घरात आहे,” एवढंच म्हणत. डोब्रिलाच्या घरात होता. सासरा गेला, दीर गेला, चार वर्षांपूर्वी नवरा व्होयिन गेला. ना सूज, ना ताप. माणूस नुसता फिका पडत जायचा, तळहात पिवळट तांबूस व्हायचे, आणि एक दिवस मूत्रपिंडं थांबायची.

दर शरदात डॉक्टर शाळेत येत. आदल्या दिवशी नावाची चिकटपट्टी लावलेल्या बाटल्या घरोघर वाटत. सकाळची पहिली लघवी भरून आणायची. यंदा डोब्रिलाच्या लेकीचं, स्लावकाचं, लग्न वर डोंगरातल्या गावी ठरत होतं. मुलाची आत्या पर्सिदा म्हणाली होती, “पोरगी गुणाची आहे, पण शाळेतला निकाल मी माझ्या कानांनी ऐकणार.”

म्हणून सकाळी स्लावका गाईकडे गेल्यावर डोब्रिलानं दोन्ही बाटल्यांच्या पट्ट्या सोलल्या आणि अदलाबदल करून लावल्या. दुखणं व्होयिनच्या रक्तातलं. ती स्वतः डोंगरातून सून म्हणून आलेली. तिला कुठून होणार?

शाळेत रांग लागली होती. शेजारचा तिहोमिर म्हणाला, “काय वहिनी, ॲप्रनखाली बाटली? आलुबुखाऱ्याची दारू असली तर घोटभर द्या की!”

“तुमची तुम्हीच प्या,” डोब्रिला म्हणाली. कोणी तरी हसलं. तिला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाई काचेच्या नळीत थोडी लघवी घेत आणि आम्लाचे थेंब टाकत. पाणी नितळ राहिलं तर बरं. ढवळं झालं तर मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या बिघडल्या. रक्तात परत घ्यायची प्रथिनं त्या घेत नाहीत, लघवीत सोडून देतात. माणसाला कळायच्या कितीतरी आधी.

“डोब्रिला. नितळ.”

“स्लावका.” थेंब पडले. नळीत पातळ ताकासारखं ढवळं उतरलं.

बाकावर बसलेली पर्सिदा शाल खांद्यावर ओढत उठली आणि दाराकडे निघाली. स्लावका आपले तळहात न्याहाळू लागली. पोरगी गेली, एवढंच डोब्रिलाच्या मनात आलं. मग पट्ट्या आठवल्या. ढवळं झालं ते तिचं स्वतःचं होतं.

गप्प राहिली असती तर तिचं दुखणं कोणाला कळलं नसतं.

“थांबा, आत्याबाई,” ती म्हणाली. “ती बाटली माझी आहे. पट्ट्या मी बदलल्या.”

“आई!”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. “किती वर्षं झाली इथं येऊन?”

“चोवीस.”

“सून म्हणून आलेल्यांनाही होतो, बाई. वीसेक वर्षांनी.”

“आणि पोरीचं काय?” पर्सिदा दारातूनच म्हणाली. “माझ्यासमोर पुन्हा करा.”

नवी बाटली घेऊन पर्सिदा स्वतः स्लावकाबरोबर मागच्या संडासापर्यंत गेली. दोघी परत आल्या. सगळी शाळा त्या नळीकडे बघत होती. एक थेंब, दोन, पाच. नितळ. डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडात धरली. नितळच.

“दर वर्षी तपासायचं,” त्या म्हणाल्या.

“आमच्याकडे नांदायला आल्यावरही तपासू,” पर्सिदा म्हणाली आणि बाकावर बसली.

डोब्रिलानं हात ॲप्रनच्या खिशात कोंबले होते. स्लावकानं एक हात ओढून बाहेर काढला, तिला खिडकीपाशी नेलं आणि तळहात उजेडाकडे केला.