साडेतीनची डिलिव्हरी

शनिवार पेठेत माझी दातांची लॅब आहे. दात काढून घ्यायला येऊ नका. आम्ही फक्त बनवतो, बसवतात डॉक्टर. रोज दोघा-तिघांना सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकलं. कामाला सहा माणसं, त्यांतला सिरॅमिकचा कारागीर संपत म्हणजे माझा उजवा हात. त्यानं केलेला दात खऱ्या दाताशेजारी बसला की डॉक्टरही फसतात.

हा संपत जूनपासून रोज साडेतीनला "स्वारगेटच्या डॉक्टरांकडे डिलिव्हरी देऊन येतो" म्हणून निघायचा आणि तासाभरानं परतायचा. एका डॉक्टरला रोज इतके दात कशाला लागतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

ऑगस्टमध्ये बँकेच्या कामासाठी स्वारगेटला गेले, तर एका शाळेच्या फाटकापाशी हा उभा. खांद्याला गुलाबी दप्तर, हाताशी सहा-सात वर्षांची मुलगी. मला पाहून त्याचा चेहरा उतरला. माझा पारा चढला होता, पण मुलीसमोर काय बोलणार? "उद्या सकाळी भेट," एवढंच म्हणाले.

सकाळी तो राजीनामा लिहूनच आला.

"कागद राहू दे. आधी बोल."

"मुक्ताईच्या आईला हॉस्पिटलात दुपारची ड्युटी लागली, ताई. आम्ही नांदेडचे, इथं आमचं कोणी नाही. मुलीला आणतो, शेजारच्या काकूंकडे सोडतो आणि येतो."

"मग हेच सांगायचं होतं ना!"

"बाईनं सांगितलं तर चालतं. पुरुषानं सांगितलं की लोक हसतात."

बाईनं सांगितलं तर चालतं! मला ते चांगलंच झोंबलं. माझी कल्याणी लहान असताना तिच्या तापाला मी कितीदा 'मीटिंग' म्हटलंय, याचा हिशेब नाही. आणि पुढे मालकीण झाल्यावर मी काय केलं? चहा-सिगारेटला कोणी खाली उतरलं तर हूं की चूं केलं नाही. घरच्या कामासाठी कोणी निघालं की मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं. संपतला खोटं बोलायला मीच शिकवलं होतं.

तरीही खोटेपणाबद्दल दहा मिनिटं झापलंच. मग त्याचा कागद फाडला आणि हातात लॅबची किल्ली दिली. "सकाळी सातला ये, सव्वातीनला जा. उद्यापासून."

त्याच दुपारी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं, की घरचं काम असेल तर घरचंच काम म्हणून सांगायचं. काम वेळेत झालं का, एवढंच मी विचारीन. आमचा अनंत दातांच्या साच्यांचं, प्लास्टरचं काम बघतो आणि त्याच्या जिभेला हाड नाही. तो पुटपुटला, "आता लॅबचं पाळणाघर होणार."

"झालं तर पहिला पाळणा तुझाच. दिवसातून चारदा टपरीपर्यंत रांगत जातोस."

सगळे हसले, अनंतही. पण मनातून मी घाबरलेच होते. आमची लॅब डॉक्टरांच्या मर्जीवर चालते, आणि चार वाजता कारागीर जागेवर नाही हे त्यांना कसं सांगायचं?

काम मात्र सुधारलं. सकाळी दात भाजायची भट्टी एकट्या संपतच्या ताब्यात, ना गडबड ना गप्पा. डॉक्टरांकडून दुरुस्तीला परत येणारे दात निम्म्यावर आले.

गेल्या गुरुवारी चार वाजता आमच्या सगळ्यात तिरसट डॉक्टरांचा फोन आला. संपतच हवा होता. फोन अनंतनं घेतला होता. आता हा 'वाटेत आहे' म्हणून थाप मारणार, असं मला वाटलं.

"संपत मुलीला आणायला गेलाय, सर. उद्या सकाळी सातपासून असतो." अनंतनं फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"आणि?"

"आणि काय? उद्या फोन करतो म्हणाले."

एवढंच. या एका 'बरं'च्या भीतीपायी मी दहा-बारा वर्षं खोटं बोलत आले. तापानं फणफणलेल्या कल्याणीला शेजाऱ्यांकडे झोपवून घाईघाईनं कामावर पळाले. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"काय झालं, ताई?" अनंतनं विचारलं.

'काही नाही' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"लेकीची आठवण आली. हडपसरला तिच्याकडे जाते. कोणी विचारलं तर तसंच सांग."