शाळा सुटल्यावरची ठेंगणी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि ठेंगणी आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला हसू यायला नको. तुमच्या मुख्याध्यापकांची खुर्ची असते ना, हातवाली आणि गादीवाली, तिच्याशेजारी मला ठेवले तर मी तिचे लेकरू वाटेन.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. शाळेने त्याला शिक्षकांसाठी टेबले करायला दिली होती. ती झाल्यावर लाकडाचे बरेच तुकडे उरले. सुतार काटकसरी होता. त्याने ते तुकडे पुढ्यात मांडले, थोडा वेळ डोके खाजवले आणि बालवर्गासाठी चार खुर्च्या करून टाकल्या. म्हणजे मी उरल्यासुरल्या लाकडाची. पण रंधा मारताना त्याने मुळीच हयगय केली नाही. "लहान मुलं बसणार आहेत, कुठं कुसळ राहता कामा नये," असे तो आपल्या भावाला पुन्हा पुन्हा बजावत होता. मग मला निळा रंग मिळाला आणि मी शाळेत दाखल झाले.

बालवर्गातले माझे दिवस मजेत गेले. मुले मला आडवी पाडून घोडा करत, रांगेत लावून आगगाडी करत. असाच एकदा गाडीला अपघात झाला आणि माझा मागचा पाय थोडा आखूड झाला. तेव्हापासून मी डुगडुगते. तरी सगळ्यांची माझ्यावर माया होती. पुढे प्लॅस्टिकच्या रंगीत खुर्च्या आल्या, हलक्याफुलक्या, एकीवर एक रचून ठेवता येणाऱ्या. मग आम्हा चौघींना कोण विचारतो? आमची रवानगी जिन्यालगतच्या लहान खोलीत झाली. मला वाटले, संपले सगळे. पण माझे खरे आयुष्य तिथेच सुरू झाले.

त्या खोलीत शाळा सुटल्यावर जादा तास चालत. वाचनात किंवा गणितात मागे पडलेली मुले तिथे येत. त्यांना शिकवणाऱ्या बाईंना मुले जादाबाई म्हणत. बाईंना हे ठाऊक होते. कधी कधी त्या स्वतःच दारातून म्हणत, "चला, जादाबाई आल्या!" आणि मुले लाजून हसत. बाईंनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याला एक खिडकी पाडली होती. ती पट्टी पुस्तकावर ठेवली की खिडकीतून एकच शब्द दिसे. बाकीच्या शब्दांची गर्दी झाकली जाई, आणि घाबरलेल्या मुलाला तेवढा एक शब्द पेलवे.

माझ्यावर बसायची ती तिसरीतली भिंगरी. हे तिचे शाळेतले नाव नव्हे, पण ती भिंगरीच होती. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा डोळे रडून सुजले होते. ती बसली आणि लागली मला डुलवायला. पुढे, मागे, पुढे, मागे. माझ्या आखूड पायाची तिने दैना केली. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पट्टी ठेवली, खिडकीत बोट ठेवले आणि वाट पाहिली. भिंगरी साधे शब्द ओढूनताणून वाचे, पण जोडाक्षर आले की तिचे पाऊलच पुढे पडत नसे. मग ती दात-ओठ खात मला आणखी जोरात डुलवे.

मित्रांनो, मला अक्षरओळख नाही. पण मूल कधी शिकते ते मला कळते, कारण तेव्हा ते स्थिर बसते. भिंगरी आधी एका शब्दापुरती स्थिर बसू लागली, मग दोन शब्दांपुरती. एके दिवशी बाईंनी पट्टी बाजूला काढून ठेवली. भिंगरीने बोट टेकवले आणि वाचले, "म्हातारा उंट रस्त्याने हळूहळू चालला." ते सबंध वाक्य होईपर्यंत माझा पाय एकदाही हलला नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पालकसभेला बाबांना वाचून दाखवशील?"

भिंगरी म्हणाली, "हो! पण त्यांना सांगू नका हं बाई. मी एकदम दाखवणार."

त्या दिवसापासून ती पालकसभेची वाट पाहत होती आणि तिच्याबरोबर मीही.

पालकसभेच्या दिवशी आमची खोली बघण्यासारखी असते. मोठमोठी माणसे येतात आणि आम्हा ठेंगण्यांवर बसतात. गुडघे हनुवटीला लागतात, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. बाहेर रुबाबात फिरणारा माणूसही इथे बूड टेकताच शाळकरी होतो. एरवी मला त्यांची गंमत वाटते. त्या दिवशी मात्र वाटली नाही.

भिंगरीचे बाबा पंक्चर काढायचे. दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून टायर उघडणारा माणूस, त्याला माझ्यावर बसणे जड जायला नको होते. पण ते असे अंग चोरून बसले की त्यांचे अर्धे वजन त्यांच्याच पायांवर होते. बोटांतला काळा रंग काही गेला नव्हता, तरी हात घासघासून धुतलेले दिसत होते. सदरा नवा होता. बाई दुसऱ्या एका आईशी बोलत होत्या, म्हणून ते थांबले होते. भिंगरी पुस्तक पोटाशी धरून शेजारी उभी होती. ते तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "घाबरू नकोस. मी बोलतो बाईंशी. मलासुद्धा असंच शाळा सुटल्यावर मागं ठेवायचे. सगळी पोरं घरी, आणि आम्ही शिक्षा झालेले तेवढे भिंतीकडं तोंड करून उभे. माझ्या बाबांना कधी सोडवायला यायला जमलं नाही. मी आलोय ना? आज तुला सोडवूनच नेतो."

माझ्या काळजात चर्र झाले. अहो, ही शिक्षा नाही! पण मला तोंड कुठे आहे?

भिंगरीने बाबांकडे पाहिले. तिच्या तोंडावर आलेले शब्द मला जवळजवळ ऐकू आले. पण बाबांनी कामावरून सुट्टी घेतली होती, नवा सदरा घातला होता, आणि ते तिच्यासाठी कुणाशी तरी लढायला आले होते. तिने पुस्तक आणखी घट्ट धरले आणि ती गप्प राहिली.

बाई आल्या. त्या पाठोपाठच्या बोलण्याने थकल्या होत्या आणि बाहेर आणखी पालक उभे होते.

बाबांनीच सुरुवात केली. "बाई, मी आधीच सांगतो. चूक आमची आहे. घरी आमचं लक्ष कमी पडलं. यापुढं तसं होणार नाही."

"अहो, चूक कुणाचीच नाही," बाई हसून म्हणाल्या. "अजून थोडे महिने बसली ना, तर..."

"अजून?" बाबांच्या मांड्या ताठ झाल्या. "किती दिवस झाले बाई. रोज उशिरा घरी येते. गल्लीतली पोरं चिडवतात तिला. सुरुवातीला तर रात्र रात्र रडायची. आता सोडा ना तिला."

बाईंचे हसू मावळले. मुलांना चिडवतात म्हणून जादा तासातून काढून नेणारे आईबाप त्यांनी पुष्कळ पाहिले होते. कुणाला लाज वाटे, कुणाला शेजाऱ्यांची धास्ती. हेही त्यातलेच, असे त्यांना वाटले. तरी त्या म्हणाल्या, "चिडवू द्या हो. तिच्या भल्यासाठीच चाललंय हे."

हे वाक्य बाबांनी लहानपणी मार खाताना नक्की ऐकले असणार. त्यांचे पाय जमिनीत रुतले.

"भल्यासाठीच असतं बाई, मला माहीत आहे. पण आता पुरे करा."

मला राहवले नाही. मी सगळा जीव एकवटला आणि कुरकुरले. माझ्या हातात तेवढेच होते. मला सांगायचे होते की थांबा, तुम्ही दोघे दोन वेगळ्या गोष्टी बोलता आहात. पण झाले भलतेच. बाबांना वाटले, खुर्ची मोडते आहे. ते घाईघाईने उठून उभे राहिले आणि उभ्याउभ्याच बोलणे संपवू लागले.

"पालकांची इच्छा नसेल तर मी बसवू शकत नाही," बाई म्हणाल्या.

"म्हणजे उद्यापासून नाही ना?"

"नाही."

"फार उपकार झाले, बाई."

बाबांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी भिंगरीकडे पाहून विचारले, "वाचून दाखवतेस ना?" पण बाबा म्हणाले, "नको नको, बाहेर लोक थांबलेत, बाईंना आणखी त्रास नको." त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. दाराबाहेर गेल्यावर त्यांचा आवाज आला, "सुटलीस गं!" तो आवाज इतका आनंदी होता की माझ्याच्याने ऐकवेना.

बाईंनी काही दिवस माझ्यावर कुणाला बसू दिले नाही. मग एक दिवस बसू दिले. एकदा भिंगरी दाराशी येऊन उभी राहिली. आत पट्टी फिरत होती, मुले वाचत होती. बाईंनी "ये ना" म्हटले. ती म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, इथं थांबायचं नाही. सरळ घरी यायचं." बाईंनी मान डोलावली. त्यांना बाबांचे उत्तर पुन्हा एकदा मिळाले होते. भिंगरीसारखी आणखी दोन-तीन मुले या ना त्या कारणाने गळाली. मुले कमी म्हणून वरून निरोप आला की नव्या वर्षापासून हा वर्ग बंद.

निकालाच्या दिवशी बाबा पुन्हा माझ्यावर येऊन बसले. या वेळी ते जरा ऐसपैस बसले होते. भिंगरी शेजारी खाली पाहत उभी होती.

बाई म्हणाल्या, "यंदा तिला तिसरीतच राहावं लागेल. वाचन फार कच्चं राहिलंय."

बाबांना कळेना. "पण बाई, त्यानंतर तर तिची एकसुद्धा तक्रार नाही. रोज सरळ घरी येते, कुणाशी भांडण नाही. मग पुन्हा शिक्षा कशाची?"

"पुन्हा म्हणजे?"

"आधी ते शाळा सुटल्यावर डांबून ठेवायचात, ते सोडलंत. आणि आता अख्खं वर्ष?"

बाई खाली बसल्या. समोर माझी बहीण होती, तिच्यावर. त्या म्हणाल्या, "अहो, शिक्षा नव्हती ती. मी तिला वाचायला शिकवत होते. ती शिकत होती. तुम्हाला वाचून दाखवणार होती."

 बाबा लेकीकडे वळून म्हणाले, "तुला माहीत होतं?"

भिंगरीने होकाराची मान हलवली.

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"तुम्ही मला सोडवायला आला होतात," ती म्हणाली.

बाबांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला. माझ्या आयुष्यात माझ्यावर पुष्कळ माणसे बसली, पण इतके जड कुणीच नव्हते.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता बसवा तिला. रोज बसवा. रात्रीपर्यंत बसवा."

"आता तो वर्गच राहिला नाही हो."

"मग मी घरी घेतो करून. कसं करायचं ते सांगा."

बाई सांगू लागल्या. एका वेळी एकच शब्द दाखवायचा, चुकली तरी ओरडायचे नाही, जोडाक्षर आले की थांबायचे. बाबा प्रत्येक वाक्याला "हो, हो" म्हणत होते. पण त्यांची टाच जमिनीवर सारखी आपटत होती. त्यांची स्वतःची शाळा भिंतीकडे तोंड करूनच संपलेली होती. शेवटी ते ओशाळून म्हणाले, "ती बरोबर वाचतेय की चुकतेय, ते मला कसं कळणार बाई?"

बाई काहीतरी उत्तर देणार, तेवढ्यात शिपाईकाका दाराशी आले. "बाई, ही खोली आज रिकामी करायचीय. उठता का जरा?"

बाबा उठले. शिपाईकाकांनी मला उलटी करून डोक्यावर घेतले आणि ते चालू लागले. बाईंनी काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. भिंगरी पुढे वाचायला शिकली का, तेही मला ठाऊक नाही. आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझ्यावर तुटक्या नकाशांची गुंडाळी ठेवली आहे आणि इथे कुणी काही सांगायला येत नाही.

मित्रांनो, माझा पाय दुरुस्त करा, मला रंग द्या, असे म्हणायला मी तुम्हाला हाक मारलेली नाही. मला फक्त एवढेच सांगायचे आहे. शाळा सुटल्यावर तुम्हाला मागे थांबावे लागत असेल, तर तिथे तुम्ही काय करता ते आज घरी सांगा. आईला सांगा, बाबांना सांगा, घरी जे कुणी असेल त्यांना सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका. ते तुमच्यासाठी भांडून, जिंकून, आनंदाने घरी निघालेले असले, तरीही त्यांचा हात धरून त्यांना थांबवा आणि सांगा.