टँकरमधल्या डबीने पोचवलेला निरोप

मित्रांनो, साबणाच्या वडीएवढी ही काळी, ओरखडे पडलेली डबी म्हणजे मी. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. उपग्रहांकडून ठिकाण समजून घ्यायचे आणि पोटातल्या सिमकार्डाने ते कचेरीत कळवायचे, एवढीच माझी विद्या. दुष्काळाच्या साली मला पाण्याच्या टँकरमध्ये बसवले.

आमचे चालक जहांगीरभाई. डबी सगळे बोलणे साहेबांना ऐकवते, अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून माझ्यासमोर ते म्हणत, "आपले सायब म्हंजे लई भला माणूस!" आणि मग खाली उतरून, चाकाआड उभे राहून साहेबांचा उद्धार करत.

पाचोडजवळच्या एका वस्तीवर आम्ही रोज पाणी नेत असू. ती वस्ती नकाशात नव्हती. त्यामुळे कचेरीतल्या पडद्यावर आमचा ठिपका भर रानात लाल होऊन उभा दिसे. तो पडदा पाहणाऱ्या शंतनू साहेबांना वाटले, पाणी कुणाच्या तरी मळ्यात जाते. त्यांनी फर्मावले, "नकाशातल्या विहिरीवरच टँकर रिकामा करा. नाहीतर फेरी बंद."

ती विहीर वस्तीपासून कोसभर दूर, तीही फुटकी. ओतलेले पाणी तासाभरात भेगांत गडप होई. पडद्यावर ठिपका मात्र हिरवागार! "डबी चोख काम करते," अशी माझी वाहवा झाली. मला फार लाज वाटली.

चौथ्या दिवशी वस्तीवरच्या गोजरबाई विहिरीवर आल्या आणि तडक केबिनमध्ये चढल्या.

"ह्योच का तुमचा चुगलखोर?"

"व्हय मावशी. सगळं ऐकतो."

गोजरबाईंनी पदर खोचला. "ऐक रं डबड्या! सांग तुझ्या सायबाला, लेकरं तीन दिस झाले आंघोळीवाचून हायेत. हिरीला कशाला पाजतोस? ती काय बाळंतीण हाय?"

मी काय सांगणार? ठिकाणाशिवाय मला काही धाडताच येत नव्हते. त्या वाट पाहत बसल्या.

"काय म्हन्तो सायब?"

"जवाब नाय, मावशी."

"मंग चल, म्याच सांगते."

जहांगीरभाईंनी भरला टँकर संभाजीनगरकडे वळवला. कचेरीत भोंगा वाजू लागला. ठिपका पुन्हा लाल होऊन, पाचोड सोडून थेट कचेरीकडेच निघालेला! शंतनू साहेब धावत फाटकाशी आले, तोच टँकर थांबला आणि आतून गोजरबाई उतरल्या. जन्मात पहिल्यांदा मी निरोप अख्खा पोचवला होता.

फुटक्या विहिरीपासून लेकरांच्या आंघोळीपर्यंत सगळे त्यांनी साहेबांना ऐकवले. शेवटी साहेब केबिनमध्ये बसले आणि वस्तीवर आले. तिथली रिकामी पिंपे पाहून त्यांची मान खाली गेली. मोबाइल काढून त्यांनी विचारले, "नकाशात नाव काय टाकू?"

"माझंच टाका की!" गोजरबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून नकाशात 'गोजरबाई वस्ती' आहे.

आता मी जुनी झाले, कचेरीच्या भांडाराच्या खणात पडून असते. मित्रांनो, टँकरांत बसवलेल्या माझ्या धाकट्या बहिणींची तार सैल होऊ देऊ नका, त्यांच्यावर धूळ साचू देऊ नका. आणि ठिपका कितीही हिरवा दिसला, तरी एकदा फोन करून विचारा, "पाणी मिळालं का?"