तीन वर्षांनी मोठी

"आजोबा, ही एकच बाई आहे की दोन?" हॉस्पिटलातल्या आरोग्य योजनेच्या काउंटरवरच्या जागृतीने विचारलं, आणि रांगेतले दोघं-तिघं हसले.

काशीरामला हसू आलं नाही. विरारच्या त्या हॉस्पिटलात तो सकाळी आठपासून उभा होता. वर दुसऱ्या मजल्यावर त्याची बायको कृष्णाबाई छातीला वायरी लावून पडली होती. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. ती उघडणारा डॉक्टर मुंबईहून फक्त सोमवारी आणि गुरुवारी यायचा आणि संध्याकाळी पाचला निघून जायचा. आज सोमवार होता, आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजले होते. "गुरुवारपर्यंत थांबायचं म्हणजे देवावर हवाला," असं सिस्टरने तोंडावरच सांगितलं होतं.

योजनेचं कार्ड होतं. लेक रीमाने गेल्याच महिन्यात आईला सेवा केंद्रात नेऊन ते काढून घेतलं होतं. तेव्हा आधारकार्डावर भागलं. आता उपचाराच्या मंजुरीसाठी रेशनकार्ड जोडलं आणि घोळ वर आला.

"हे बघा," जागृतीने बोट ठेवून दाखवलं. "रेशनकार्डावर कृष्णाबाई तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आधारवर तीन वर्षांनी मोठ्या. माणूस एकच कशावरून, असं वरून विचारलंय."

"रेशनच्या कारकुनाची चूक आसंल."

"कार्ड तीनदा नवीन झालंय, आजोबा. तिन्ही वेळा तीच चूक?"

"मंग आधारवाल्याची."

"आधार त्यांच्या शाळेच्या दाखल्याशी जुळतंय. हा बघा, फाइलमध्येच आहे."

चूक कोणाची होती हे काशीरामइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार!

कृष्णाबाईला मागणी घातली होती ती त्याच्या थोरल्या भावासाठी, रामूसाठी. साखरपुडा झाला, तिथी ठरली, मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले. लग्नाला आठ दिवस उरले असताना रामू मासे धरायला पाग, म्हणजे फेकजाळं, घेऊन खाडीत गेला, तो परत आला नाही. मुलीकडचे रडत आले. पोरीच्या नावाला बोल लागला, आता तिला कोण करणार? बापाने दिलेला शब्द पाळला आणि एकोणीस वर्षांच्या काशीरामच्या कपाळाला बाशिंग बांधलं. नवरी बाविशीची. साखरपुड्यानंतर तिच्या घरी निरोप घेऊन काशीरामच जायचा, आणि ती ओटीवरून त्याला, "काशीराम, पानी घे," म्हणून नावानेच हाक मारायची.

गाव थोडंच गप्प बसणार? भाताच्या लावणीला, हळदीच्या मांडवात, जिथे जावं तिथे तेच. "काश्या, बायकोला ताई म्हनतोस का वहिनी?" पोराला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. म्हणून घरचं पहिलं रेशनकार्ड काढताना त्याने तिचं वय कमी लिहून दिलं, आणि एकदा लिहिलं ते लावून धरलं. पुढे चिडवणारे एकेक करून गेले, शेतांच्या जागी गोदामं आली, मुलांच्या कानावर तर त्याने काहीच येऊ दिलं नाही. आधारच्या वेळी मात्र कृष्णाबाई माहेरी होती. तिच्या भावाने शाळेचा दाखला दाखवून खरं वय लावून टाकलं. काशीराम आठ दिवस बायकोशी बोलला नाही, आणि ते कार्ड त्याने पेटीच्या तळाशी घातलं. माणूस वाईट नव्हता. एका चेष्टेला सत्तेचाळीस वर्षं भीत आला होता, इतकंच.

"बाबा, काय आहे ते सांगा ना पटकन," रीमा म्हणाली. "आई तिकडे वर..."

"आजोबा, मी काय तुमची वैरीण आहे?" जागृतीचा आवाज जरा खाली आला. "कुटुंबप्रमुखाने कारण लिहून सही करायची, आणि ओळखीच्या एका माणसाने साक्षीला. मी लगेच वर पाठवते. पण खरं कारण द्या. मंजुरी देणारे डॉक्टर उलटा फोन करून विचारतात."

ओळखीचा माणूस म्हणजे पुतण्या हितेश, धाकट्या भावाचा मुलगा. सकाळीच रिक्षा काढून तो त्यांना घेऊन आला होता, आणि आता काकाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. हितेशच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला माहीत. इथे बोललेलं संध्याकाळच्या आत गावात, कामणच्या नाक्यावर पोचणार.

काशीरामने पेन मागितलं. मग ध्यानात आलं, पहाटेच्या धांदलीत चष्मा घरीच राहिला होता.

"तुम्ही सांगा, मी टाइप करते," जागृती म्हणाली.

"वय... मीच कमी लिवलं होतं."

"काय? जोरात बोला, काचेतून ऐकू येत नाही."

सव्वादोन झाले होते. रांग थांबली होती. काशीरामने काचेच्या चौकटीला दोन्ही हात धरले.

"ती मोठी हाय माझ्यापरीस!" तो ओरडला. "तीन वरसांनी मोठी! माझ्या भावाला दिलेली, भाऊ बुडला, मंग मला दिली. लोक हसत व्हते म्हनून मी खोटं लिवलं. तिची काय चूक नाय. ती एकच हाय. दुसरी कोन नाय."

कोणी हसलं नाही. रीमा बापाकडे बघतच राहिली. जागृती मान खाली घालून टाइप करत होती.

काशीरामने कागदावर चाचपत सही केली आणि पेन हितेशपुढे धरलं. त्याच्याकडे बघायचा मात्र धीर होईना.

"यवढ्यासाठी अर्धा तास घालवलास, काका?" हितेश सही करता करता म्हणाला. "मला आईनं कवाच सांगितलंय. सगल्या गावाला म्हायती हाय. तुला वाईट वाटतं म्हनून कोन बोलत नाय."

मंजुरी तीन वाजून दहा मिनिटांनी आली.

काशीराम जिना चढून वर गेला तेव्हा कृष्णाबाईला स्ट्रेचरवर घेतलं होतं. सिस्टरने तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून त्याच्या ओंजळीत ठेवल्या.

"झालं काम?" कृष्णाबाईने विचारलं. "वयाचं काय सांगितलं तुमी?"

"खरं ते सांगितलं. मोठी हाय म्हनून."

"सगल्यांपुढं?"

"काचंतून आयकू जात नव्हतं. वरडून सांगितलं."

ती नुसती बघत राहिली. वॉर्डबॉयने स्ट्रेचर ढकललं, चाकं कुरकुरली. दाराशी पोचल्यावर तिने मान वळवली.

"काशीराम," ती म्हणाली, "सकालपासून उपाशी हायस. पानी तरी पी."

"ओ," काशीराम म्हणाला. पण तोवर दार मिटलं होतं. लग्नातल्या उखाण्यानंतर तिने कधी त्याचं नाव घेतलं नव्हतं.

त्याने बांगड्या जपून शर्टाच्या खिशात ठेवल्या. मग तो पाण्याच्या कूलरपाशी गेला आणि सांगितल्याप्रमाणे दोन ग्लास पाणी प्यायला.